डाव्या अंगाचे पाच पॉइंट

गाडीच्या डाव्या अंगाचे विजेचे पॉइंट मी बिघडवले होते. मुद्दाम नव्हे, आणि तेव्हा मला ते ठाऊकही नव्हतं. पण बिघडवले मीच. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढं वाचताना कुणाला वाटायचं, हा शिकलेला माणूस एका अर्धशिक्षित वायरमनची गंमत सांगतोय. गंमत झाली ती माझी. आणि ती नेमकी काय झाली, हे अजूनही मला धड मांडता येत नाही.

त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. उंच, वाळलेला देह, मेंदीनं लाल केलेली दाढी, आणि पायात टायरच्या रबराच्या जाड चपला. त्या चपला ते नमाजाला आणि झोपताना तेवढ्या काढत. वायरला हात लावायचा झाला तर उजव्या हाताची पाठ लावायची आणि डावा हात खिशात घालायचा. मी एकदा विचारलं, डावा हात दुखतो का? तर म्हणाले, "नै बीएसाहेब. दोन्ही हातानं धरलं की वीज छातीतनं जाते. एका हातानं काम करायचं, दुसऱ्यानं सबूर."

बीएसाहेब म्हणजे मी. आमच्या घराण्यात शाळेची पायरी चढलेला मी पहिला, आणि औरंगाबादेहून बी.ए. होऊन आलेला अख्ख्या गावात पहिला. मिस्त्री ते नाव चेष्टेनं घेत की मानानं, हे मी तीन महिने त्यांच्या तोंडाकडं बघूनही ओळखू शकलो नाही.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्याच्या एक-दोन वर्षांनंतरची ही गोष्ट. सरकारनं गावोगाव फिरायला एक प्रदर्शनाची गाडी काढली होती. लष्करातून निघालेल्या ट्रकवर नवी लाकडी बॉडी चढवलेली. आतून प्लायवूडचं अस्तर. आम्ही तिघं त्याच गाडीत राहायचो. दोन झोपायच्या फळ्या, कोपऱ्यात स्टोव्ह, भांड्यांची मांडणी, पाण्याचं पिंप. ड्रायव्हर शिवप्पा पुढच्या सीटवर झोपायचा. मागं जोडलेल्या दोनचाकी गाड्यावर पेट्रोलचा जनरेटर. उजव्या अंगाला तक्ते आणि धरणाचा नमुना, डाव्या अंगाला पाच पॉइंट आणि त्यांच्यावर चालणारा दिवा, इस्त्री, पंखा, रेडिओ, आणि पाणी उपसणारा छोटा पंप. ज्या गावात वीज यायला अजून कैक वर्षं होती, तिथं वीज आली की काय काय होईल ते दाखवायचं, हे आमचं काम. दाखवणारा मी. वीज पुरवणारे मिस्त्री.

मिस्त्री जुन्या, निजामाच्या राज्यातले. कुण्या जहागीरदाराच्या कोठीवर विजेचं यंत्र होतं, तिथं वीस वर्षं काढलेली. राज्य बदललं, मग पुन्हा बदललं, आणि दोन्ही वेळेला त्यांची नोकरी 'हंगामी' राहिली. आता जुन्या माणसांना कायम करायचं की घरी पाठवायचं, हे ठरत होतं. त्यासाठी गाडीच्या प्रमुखाचा शेरा लागणार होता. गाडीचा प्रमुख कागदोपत्री मी होतो. वय तेवीस, स्वतः परीक्षाधीन, आणि माझ्या एका ओळीवर पन्नाशीतल्या माणसाची भाकरी. ही गोष्ट मिस्त्रींना पहिल्या दिवसापासून माहीत होती. तरी त्यांनी मला खूश करण्यासाठी म्हणून कधी काही केलं नाही. उलट मला चिडवण्यासाठी जेवढं करता येईल तेवढं केलं.

आता माझी चूक. दौऱ्यावर निघायच्या आधी धाराशिवला सुताराकडून मी माझी पदवी चौकटीत बसवून घेतली होती. घरी लावायला नेली तर वडील म्हणाले, "हितं कोण वाचतंय? म्हशी? नोकरीच्या जागी लाव जा." माझी नोकरीची जागा म्हणजे गाडी. तेव्हा मी डाव्या अंगाला, दुसऱ्या आणि तिसऱ्या पॉइंटच्या मधोमध, त्यांच्या हातभर वर, चांगला लांब स्क्रू पिळला आणि पदवी टांगली. प्लायवूडच्या मागून वायर जाते हे मला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यावं असंही वाटलं नाही. इंटरला मला सायन्स होतं, पण त्या सायन्समध्ये भिंतीच्या मागं काय असतं ते नव्हतं.

ती चौकट बरोबर मिस्त्रींच्या फळीच्या वर आली. रोज सकाळी उठले की ते आपल्या रुमालानं काच पुसायचे.

"राहू द्या मिस्त्री, मी पुसतो."

"तुम्ही शिकला, पुसायचं काम आमचं."

ही चेष्टाच, असं मी ठरवून टाकलं होतं.

मिस्त्रींची बिघाड शोधायची रीत मी धाराशिवातच एकदा पाहिली होती. कचेरीच्या आवारात गाडी उभी असताना उजव्या अंगाचे शेवटचे दोन दिवे गेले. मी लगेच ते दोन्ही उघडून बसलो. मिस्त्री चहा पीत होते. कप संपेपर्यंत उठले नाहीत. मग आले, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, आणि जो दिवा चांगला चालू होता तोच उघडायला लागले.

"अहो मिस्त्री, तो चालूय!"

"म्हणून तर. मेलेल्याला काय विचारता बीएसाहेब? मेलेला काय सांगणार? जो शेवटला जिता आहे त्याला विचारायचं, तुझ्यापुढचे कसे गेले?"

चालू दिव्यामागं वायरचा स्क्रू ढिला होता. एका दिव्यातून पुढच्या दिव्याकडं वायर गेलेली, तेव्हा ढिलेपण इथं आणि अंधार तिथं. मला ते पटलं आणि पटल्याचा राग आला.

त्यांच्याकडं होल्डरमध्ये बसवलेला एक दिवा होता, त्याला दोन वायरी. त्या दोन ठिकाणी टेकवायच्या. वीज असेल तर दिवा लागतो. सगळे वायरमन तो वापरतात. मिस्त्री त्याला गवाह म्हणायचे, म्हणजे साक्षीदार. "गवाह आणा," म्हटलं की शिवप्पा पेटीतून तो दिवा काढून द्यायचा. आणि काम झाल्यावर मी रजिस्टर घेऊन उभा राहायचो, कारण त्यात एक रकाना होता: बिघाडाचे कारण.

"काय लिहू मिस्त्री?"

"लिहा, चालू झालं."

"ते पुढच्या रकान्यात. कारण काय?"

"मिजाज."

"मिजाज लिहिता येत नाही."

"मग नका लिहू."

रकान्यात मी माझ्या मनानं काहीतरी भरून टाकायचो. ते रजिस्टर आज कुठल्या कपाटात असेल तर त्यातली निम्मी कारणं माझी आहेत.

मुरुमला बाजाराच्या दिवशी गाडी लावली. शिवप्पाचं गाव तेच, त्यामुळं त्यानं मिशीला तेल लावलं होतं. संध्याकाळी पाचाला माणसं आत सोडली. मी पंख्याचं बटण दाबलं, पंखा फिरला, बायकांनी पदर सावरले. मग माणसं वाढली, गाडी भरली, आणि तिसरा, चौथा, पाचवा पॉइंट एकदम गेला. पंखा थांबला. रेडिओ एका शब्दाच्या मध्येच गप्प. दुसऱ्या पॉइंटवरची इस्त्री तेवढी गरम.

"ही वीज व्हय?" एक म्हातारी म्हणाली. "आमाला बघून पळाली की!"

"लाजली जणू," दुसरी म्हणाली.

मागनं एक पागोटेवाला बोलला, "सरकार आसंच हाय. आमी येस्तवर दिवा, आमी आलो की अंधार."

शिवप्पाची मिशी खाली आली. "यप्पा, माझ्या गावातच व्हायचं होतं हे," म्हणत तो जनरेटरकडं पळाला. जनरेटर तर ठणठणीत चालू होता.

मी माणसांना उतरवलं. शेवटचा माणूस उतरला आणि पंखा आपोआप फिरायला लागला.

मिस्त्रींनी दुसरा पॉइंट उघडला. शेवटला जिता. त्याला विचारलं. त्यात काही नव्हतं. स्क्रू घट्ट, वायर ठीक. मी पहिल्यांदा मिस्त्रींना गोंधळलेलं पाहिलं. ते जमिनीवर बसले, दाढी खाजवली आणि मला विचारलं, "कुणी भिंतीला काही लावलं का? खिळा, खुंटी?"

"नाही," मी म्हणालो. मी खोटं बोललो नाही. पदवी माझ्या डोक्यातच आली नाही. तीन हातांवर, समोर, काच चमकवत ती लटकत होती, आणि आम्ही दोघंही तिच्याकडं तोंड करून बसलो होतो.

त्यांनी तिच्याकडं पाहिलं का? पाहिलं असेल. रोजच पाहायचे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. माणसं आली की पॉइंट गेले, माणसं गेली की पॉइंट आले. मी इंटरचं सायन्स आठवून आठवून दमलो. एक दिवस सगळे पाच प्लग सोडून नवे बसवले. चकाचक पाच नवे प्लग, आणि संध्याकाळी त्यातले तीन बंद. शिवप्पा म्हणाला, "साहेब, ह्याला दिष्ट काढू का?" आणि मी, बी.ए. झालेला माणूस, क्षणभर हो म्हणणार होतो.

जळकोटला गाडी हमरस्त्याच्या कडेला लावली आणि मिस्त्री बिघडले. म्हणजे पॉइंटपेक्षा जास्त. सकाळी उठून शिवप्पाला म्हणाले, उजवं चाक दगडावर चढव. चढवलं. मग डावं चढव. पंखा फिरतच राहिला. मग मला म्हणाले, "बीएसाहेब, तुम्ही फळीवर उडी मारा."

"का?"

"मारा तर."

मारली. पंखा चालू.

"आता शिवप्पा, तू पण."

दोघांनी उड्या मारल्या. रस्त्यानं जाणारी एसटी थोडी हळू झाली, आतली माणसं खिडकीतून बघायला लागली. मिस्त्री खाली उभे, डोळे पंख्यावर, छोट्या वहीत काही टिपत. मी लहानपणी उर्दू शाळेत चार यत्ता काढलेल्या. दुपारी ते बाहेर गेले तेव्हा मी ती वही उघडली. उजवीकडून डावीकडं बारीक अक्षर. मुरुम, चाळीस माणसं, बंद. मुरुम, दहा माणसं, चालू. जळकोट, दोन माणसं, उडी, चालू. आणि खाली: बीएसाहेब नाराज.

मला वाटलं, हा माणूस प्रेक्षकांची हजेरी घेतोय. बिघाड सापडत नाही म्हणून वेळ काढतोय. मला माझीच कीव आली.

त्याच दुपारी जिल्ह्याहून साहेब आले. मुरुमच्या लोकांनी तक्रार केली होती. साहेब पुण्याकडचे, नव्या राज्याबरोबर आलेले, स्वच्छ कपड्यांचे. गाडीत चढले, डाव्या फळीवर बसले. भर दुपार, एक चिटपाखरू नाही. मी एकेक बटण दाबलं. पंखा, रेडिओ, पंप, सगळं चालू. साहेबांचे केस वाऱ्यानं उडत होते.

"कुठं आहे बिघाड?"

मी मिस्त्रींकडं पाहिलं.

मिस्त्री म्हणाले, "साहेब, माणसं पाहिजेत."

"काय?"

"माणसं. चाळीस-पन्नास. मग दाखवतो."

"म्हणजे तुमचं म्हणणं, वीज माणसं बघून जाते?"

"हौ साहेब."

साहेब उठले. मला लिंबाखाली बाजूला नेलं. हळू आवाजात म्हणाले, "हा जुन्या राज्यातला माणूस. मुद्दाम तर करत नाही ना? गावात सरकारचं हसं व्हावं म्हणून?"

"तसं वाटत नाही साहेब."

"मग काम येत नाही. दोन्हीपैकी एक. तुम्ही गाडीचे प्रमुख आहात, शिकलेले आहात. शेरा लिहून द्या, मी बरोबर नेतो."

इथं मी सरळ लिहितो, कारण सरळ लिहिण्यासाठीच बसलोय. मला साहेबांच्या नजरेत ठाम दिसायचं होतं. 'तुम्ही शिकलेले आहात' हे वाक्य मला गोड लागलं होतं. गाडीच्या मडगार्डवर कागद ठेवून मी लिहिलं: कारण शोधण्यास असमर्थ. कामात विक्षिप्तपणा. कायम करण्याची शिफारस नाही. खाली सही केली आणि सहीपुढं बी.ए. लिहिलं.

साहेबांची जीप गेली. मिस्त्रींनी माझ्यासमोर चहा ठेवला. आलं घातलेला, मला आवडतो तसा. मी प्यालो.

येरमाळ्याला येडेश्वरीची चैत्रातली यात्रा होती. रस्ता माणसांनी भरलेला. बैलगाड्या, एसट्या, देवीच्या देवळासाठी चुनखडी वेचून परत येणाऱ्या बायका, त्यांचे धुळीनं पांढरे झालेले हात. मिस्त्रींचा चेहरा खुलला. आजवर मी त्यांना गर्दीवर एवढं खूश झालेलं पाहिलं नव्हतं.

"या, या माय, आत या. फुकट आहे. डावीकडं सरका. अजून सरका. मामा, तुम्ही पण या, मुलाला खांद्यावर घ्या." मी माहिती सांगायला तोंड उघडलं, तर मला हातानंच गप्प केलं. माणसं आत येत राहिली. तीस झाली, चाळीस झाली. गाडी डाव्या अंगाला कलली, चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे कुरकुरले, आणि पंखा थांबला.

"हलू नका!" मिस्त्री ओरडले. "कुणी हलू नका! शिवप्पा, गवाह!"

चाळीसच्या वर माणसं एकमेकांना चिकटून श्वास धरून उभी. एक पोर रडायला लागलं, आईनं पदरात घेतलं. मिस्त्रींनी डावा हात खिशात घातला. दिव्याची एक वायर त्यांनी दुसऱ्या पॉइंटच्या थंड, म्हणजे वीज नसलेल्या टोकाला अडकवली आणि दुसऱ्या वायरचं टोक घेऊन भिंतीवर बोटांच्या पाठीनं ठोकत, कान लावत पुढं सरकले. माणसांच्या काखेतून, बायकांच्या पाट्यांखालून. माझ्या पदवीपाशी थांबले. चौकट दोन बोटांनी अलगद वर उचलली आणि वायरचं टोक स्क्रूच्या डोक्याला टेकवलं.

दिवा लख्ख लागला.

लोकांना वाटलं, हाच खेळ. टाळ्या पडल्या. पुढच्या म्हातारीनं दिवा बघितला, वर काचेतला शिक्का बघितला, आणि पदवीला हात जोडले.

मी मागं सरकायला गेलो, पण मागं जागाच नव्हती.

"उतरा आता. सावकाश," मिस्त्री म्हणाले. जनरेटर बंद करायला लावला. चौकट काढून आपल्या रुमालात गुंडाळली, गादीवर ठेवली. मग स्क्रू न काढता आधी त्याच्या बाजूचा प्लायवूड कापला. मागं पाहिलं तर वायर स्क्रूनं बरोबर मधोमध तोडलेली. एक टोक स्क्रूला या बाजूनं लागलेलं, दुसरं त्या बाजूनं. वीज माझ्या स्क्रूमधून चालली होती. गाडी रिकामी असेल तोवर दोन्ही टोकं स्क्रूला धरून, आणि माणसांच्या वजनानं तिचं डावं अंग वाकलं की पुढचं टोक सुटायचं.

"बघा," मिस्त्री कौतुकानं म्हणाले, "तोडलं पण ह्यानंच, जोडलं पण ह्यानंच."

त्यांनी वायर नीट जोडली, गुंडाळली, बाजूनं नेली. मग उजव्या अंगाला, जिथं वायर नाही तिथं, आखूड स्क्रू लावून माझी पदवी टांगली. काच पुसली. मी रजिस्टर घेऊन उभा होतो.

"मिस्त्री, कारण मी लिहितो. स्क्रू माझा होता."

"स्क्रू कारण नव्हे."

"मग काय?"

"लाकडात स्क्रू जायचाच. वायर तिथनं गेली, हे बघा."

"वायर तिथून का गेली?"

"बॉडी बांधणाऱ्यानं नेली."

"मग कारण तो?"

"तो वारला मागच्या साली. मेलेल्यावर काय लिहिता?"

मला हसावं की रडावं कळेना. मग मला ते सहन होईना आणि मी बोलून टाकलं, "मिस्त्री, जळकोटला मी तुमच्याविरुद्ध शेरा दिलाय."

"मालूम आहे. शिवप्पा मडगार्डच्या पलीकडं होता. त्याला वाचता येतं."

"कधी सांगितलं त्यानं?"

"तेव्हाच. चहाच्या आधी."

चहाच्या आधी! मी शिवप्पाकडं पाहिलं, तर तो चाकाला पाणी मारत होता. चाकाला कशाला पाणी लागतंय?

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी धाराशिवला गेलो. रात्रीच सगळं लिहून काढलं होतं: बिघाड माझ्या स्क्रूमुळं, शोध मिस्त्रींचा, आधीचा शेरा चुकीचा, तो मागं घेतो. निघताना मिस्त्रींनी कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला. मराठी लिपी त्यांना सावकाश लागायची.

"हे देऊ नका."

"का? तुमची नोकरी जाईल."

"पॉइंट चालू झाले. आता कागद कशाला हलवता?"

मी दिला. आठवड्यानं साहेबांनी दोघांना बोलावलं. टेबलावर माझे दोन कागद शेजारी शेजारी. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"मिस्त्री, हे म्हणतात स्क्रू यांचा. खरं आहे?"

"साहेब, भिंतीत स्क्रू होता."

"कुणाचा?"

"सरकारी गाडीतला स्क्रू सरकारचा."

"तुम्हाला कारण सापडलं की नाही?"

"चालू झालं साहेब."

"मी कारण विचारतोय!"

मी मध्येच म्हणालो, "साहेब, ते मला वाचवतायत."

तेव्हा मिस्त्री माझ्याकडं वळले आणि पहिल्यांदा चिडून बोलले. "बीएसाहेब, तुम्हाला कुणी वाचवत नै. मी माझं बोलतोय. तुम्ही मधी बोलू नका, लाइन खराब होते."

साहेब कधी त्यांच्याकडं, कधी माझ्याकडं बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जो गोंधळ होता तो मला फार ओळखीचा वाटला. शेवटी ते म्हणाले, "जा दोघं. हुकूम निघेल."

हुकूम दोन महिन्यांनी निघाले. आम्ही गाडी कचेरीच्या आवारात लावली होती. दोन लखोटे मिळाले. मिस्त्रींनी आपला माझ्या हातात दिला. मी पायरीवर बसून वाचला. पहिल्या तीन ओळी नुसत्या संदर्भांच्या. चौथ्या ओळीत होतं, सेवेत कायम करण्यात येत आहे.

"पुन्हा वाचा," ते म्हणाले.

मी पुन्हा वाचला. त्यांनी डोळे मिटले होते. शिवप्पानं मागून आपली टोपी उडवली. "मिस्त्री, पेढे!" मिस्त्रींनी त्याला बोटानं गप्प केलं.

"आणि तुमचा?"

मी माझा फोडला. सरकारी मालमत्तेस हानी आणि पूर्वचौकशीशिवाय दिलेला शेरा, या कारणांस्तव परीक्षाधीन काळ एक वर्षानं वाढवला होता. मी वाचून दाखवला. आवाज जमेल तेवढा सरळ ठेवला. खरं सांगायचं तर मला तो हुकूम बरोबर वाटला होता. वडिलांना काय सांगायचं, एवढीच काळजी होती.

मिस्त्री उठले. माझ्या हातून तो कागद घेतला, आपल्या हुकमावर ठेवला आणि दोन्ही घडी घालून खिशात टाकले.

"तुमच्या हुकमात चूक झाली," ते म्हणाले. "थांबा इथं."

"मिस्त्री, चूक नाही ती. बरोबर आहे."

"तुम्हाला काय कळतंय?" असं म्हणून ते कचेरीत गेले. टायरच्या चपला पायऱ्यांवर फटफट वाजल्या. मी आणि शिवप्पा बघत राहिलो. अर्ध्या तासानं ते बाहेर आले.

"काय म्हणाले?"

"साहेब जेवायला गेलेत. येतील."

"अहो, कशाला? तुमचंही बिघडेल काहीतरी."

त्यांनी पायरी हातानं झाडली आणि माझ्या शेजारी बसले. कचेरीत येणारी माणसं आम्हाला वळसा घालून आत जात होती. शिवप्पानं चहा आणला, आम्ही तो प्यालो, पुन्हा बसलो. चार वाजले, पाच वाजले. शिपायानं दारं लावली. साहेब आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी लाजेनं कचेरीत गेलो नाही. मिस्त्री गेले, दोन्ही कागद खिशात घालून.